'कापूस कुठी टाकाचा?' : शेतकऱ्याच्या घराची गरज ठरवताना झालेली चूक

पार्श्वभूमी

हे घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत, माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मी सिव्हिल इंजिनिअर. ऑफिस तालुक्याच्या गावी, आणि कामं बहुतेक आसपासच्या खेड्यांतली.

घरात काकाजी, वय ६८, आणि काकू. धाकटा मुलगा, त्याची बायको आणि दोन लेकरं त्यांच्यासोबत राहतात. थोरला मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तो बायको-मुलीला घेऊन दिवाळीला आणि मे महिन्यात येतो. शेती १४ एकर. त्यातल्या १० एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उरलेल्यात सोयाबीन आणि तूर. कोठ्यात दोन बैल आणि एक गाय. जागा ४० बाय ९० फुटांची. जुनं घर मागच्या बाजूला, मातीच्या भिंतींचं. सागाची मयालं, म्हणजे आडव्या तुळया, वर कवेलू, म्हणजे कौलं. समोर मोकळं आंगण. ठरलं असं, की नवं घर आंगणात उभं करायचं, ते झालं की जुनं पाडायचं. 'तिथं गाडी लागेल,' असं थोरल्याचं म्हणणं.

पैसे थोरला देणार होता, २२ लाख. जागा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर काकाजींच्या नावानं. बारा महिने राहणार धाकटा. पैसा एकाचा, जागा दुसऱ्याची आणि वापर तिसऱ्याचा, हे पहिल्याच दिवशी माझ्या समोर होतं. मी ते माहिती म्हणून डायरीत लिहिलं आणि पान उलटलं.

जानेवारीतली भेट

जानेवारी २०२३. त्या हंगामात कापूस विकायला कोणी तयार नव्हतं. आदल्या वर्षी भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला, तो सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. हमीभाव ६,३८० आणि व्यापारी त्याहून जास्त देत होता, तरी लोक थांबले होते. गावात ज्याच्या घरी जावं त्याच्या घरात कापूस.

या घरातही होता. मी ओसरीत बाजेवर बसलो होतो. माझ्या पाठीमागचं माजघर मयालीपर्यंत भरलेलं, दाराला आडव्या फळ्या लावलेल्या, फटींतून बोंडाची पांढरी टोकं बाहेर. लेकरांची अंथरुणं ओसरीतच गुंडाळून ठेवली होती, कारण झोपायची खोली कापसानं अडवलेली. धाकट्याच्या मुलाच्या हातांवर खाजवून लाल चट्टे उठले होते. कापूस घरात साठवला की असं होतं, सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

थोरल्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली होती. तीन बेडरूम, दोन अटॅच बाथरूम, मॉड्युलर किचन, दोन मजली उंचीचा हॉल, फॉल्स सीलिंग. सोबत २३ फोटो. मी यादी काकाजींना वाचून दाखवली. ते म्हणाले, 'पोट्ट्यानं पाह्यलं न, मंग झालं. आपल्याले का समजते त्यातलं?' काकूंनी चहा आणून दिला आणि आत गेल्या. धाकटा वावरात होता.

निघताना पँटला चिकटलेला कापूस झटकला आणि गाडीला किक मारली. जी गरज नकाशावर यायला हवी होती, ती अक्षरशः माझ्या अंगाला चिकटली होती आणि मी ती झटकून टाकली.

आठ दिवसांत १,४०० चौरस फुटांचा नकाशा तयार केला. पुण्याहून 'ओके' आलं. काकाजींना छापील प्रत दिली, त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, 'चांगलं हाय.' मी ती मंजुरी समजलो. आमच्याकडं 'चांगलं हाय' हे पाहुण्याला बोलायचं असतं. जेवण अळणी झालं तरी पाहुणा म्हणतो तेच.

अडचण

२२ एप्रिलला अक्षय तृतीया होती. भूमिपूजन झालं, नारळ फुटला, मिस्त्रीनं दोरी धरली आणि चुन्याची फक्की टाकून खोल्या आखल्या. जेसीबी सोमवारी येणार होती.

फक्कीच्या रेघांमधून लेकरं पळत होती. धाकटा मात्र एका चौकोनात जाऊन उभा राहिला. ती १० बाय ११ची बेडरूम. त्यानं दोन्ही हात फाकवून पाहिलं, मग एका भिंतीपासून दुसरीपर्यंत पावलं टाकली. मला विचारलं, 'साहेब, कापूस कुठी टाकाचा?'

मी काकाजींकडं पाहिलं. ते खाली पाहत होते. मी म्हटलं, मागच्या घरात. तो म्हणाला, 'ते तं पाडाचं हाय न.'

मग पुढचे प्रश्न आले. ट्रॅक्टरची ट्रॉली कुठून लागणार? गठ्ठे उतरवायचे तर हॉलमधून न्यायचे का, नव्या टाइल्सवरून? संध्याकाळी वेचणीच्या बाया येतात, त्यांचा कापूस कुठं मोजायचा? यातल्या एकाचंही उत्तर नकाशात नव्हतं. ज्या माणसाला ती माहीत होती, त्याच्याशी मी त्या दिवसापर्यंत दहा मिनिटंसुद्धा बोललो नव्हतो.

नशीब एवढंच, की रेघा फक्कीच्या होत्या. खड्डे झाले असते तर कॉलम हलले नसते.

पर्याय

त्या दुपारी निंबाखाली बसून चार वाटा काढल्या. पहिली, आहे तसं बांधायचं आणि कापूस एका बेडरूममध्ये भरायचा. गावातल्या निम्म्या नव्या घरांत हेच चालतं. अटॅच बाथरूमच्या दारापर्यंत कापूस आणि आत नवाकोरा कमोड, असं मी स्वतः पाहिलं आहे. खोलीत बोर्ड, सॉकेट, पंखा सगळं असतं. एक ठिणगी पुरते.

दुसरी, मागं टिनाचं वेगळं शेड. माझ्या अंदाजानं लाख-सव्वा लाखाचं काम. काकाजींना ते मुळीच पटलं नाही. 'कापूस नजरेसमोर पायजे,' म्हणाले. चोरीची भीती होतीच. पण कापूस घराच्या आत असणं ही त्यांच्या लेखी बरकतीची गोष्ट होती, आणि ती किमतीत मोजता येत नव्हती.

तिसरी, जुन्या घराचे दोन खण राखायचे. मला ही मनातून आवडली होती. मातीच्या भिंती एप्रिलमध्येही गार राहतात. पण घुशींनी पाया पोखरला होता, कवेलू दरवर्षी फेरावे लागायचे आणि फेरणारे कारागीर आता मिळत नाहीत. जुन्या घराचा मोह इंजिनिअरला होतो, त्यात राहणाऱ्या काकूंना तो नव्हता.

चौथी, एक बेडरूम कमी करून घराला लागूनच पक्की कोठी बांधायची, तिचं दार वेगळं. याला थोरल्याची संमती लागणार होती.

मी त्या दिवशी कोणताच पर्याय निवडला नाही. आठ दिवस मागितले. ठेकेदार वैतागला, जेसीबी सांगून ठेवली होती. त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. काळ्या मातीत पायाचे खड्डे पावसात उघडे राहिले की बाजू ढासळतात आणि तळाशी चिखल होतो. मृगाच्या आधी काम जोत्यापर्यंत यायला हवं होतं. आठ दिवसांवर नववा चालणार नव्हता.

आठ दिवसांत काय केलं

जे जानेवारीत करायला हवं होतं ते. एक पूर्ण दिवस, पहाटे साडेपाच ते रात्री नऊ, मी त्या घरी काढला. नकाशा घरीच ठेवला. वही आणि टेप नेली. सोबत ऑफिसातली ज्युनिअर इंजिनिअर मुलगी होती, आणि तिच्यामुळंच निम्मं काम झालं.

पहाटे काकूंनी मागच्या पडवीत चूल पेटवली. सहा माणसांच्या आंघोळीचं पाणी पऱ्हाटीच्या काड्यांवर तापतं. मॉड्युलर किचनच्या नकाशात चुलीला जागा नव्हती, कारण यादीत 'गॅस' लिहिलं होतं. गॅस होताच, पण चहाला आणि पाहुणे आले तर. वावरातून फुकट येणारं सरपण टाकून सिलिंडरवर पाणी कोण तापवणार? आणि सरपणाचा ढीग कुठं लागणार? तो पावसात भिजून चालत नाही.

सुनेनं माझ्याशी बोलायचं टाळलं. ज्युनिअर मुलीशी बोलली. नकाशात बाथरूमचं दार हॉलमध्ये उघडत होतं, बरोबर समोरच्या दारासमोर. ओले केस घेऊन सासरे आणि त्यांच्याकडं आलेल्या माणसांसमोरून मी जायचं का, एवढाच तिचा प्रश्न होता. तिला दुसरं काहीही नको होतं. खोली मोठी नको, कपाट नको. दार मागं उघडायला हवं.

दुपारी ऊन चाळिशीच्या वर गेल्यावर सगळे कूलरसमोर जमले. तेव्हा मला माझ्या नकाशातली आणखी एक गोष्ट दिसली. दोन बेडरूमना एकाच भिंतीला खिडकी होती, दुसऱ्या बाजूला अटॅच बाथरूम. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती हवा दुसरीकडून बाहेर पडायला वाट नसेल तर तासाभरात खोलीत उबट दमटपणा साचतो. विदर्भात घर बांधताना कूलरची खिडकी कोणती, समोरची हवा कुठून जाणार, कूलरचं स्टँड बाहेर कशावर आणि पाण्याचा नळ किती लांब, हे पलंगाच्या जागेआधी ठरायला पाहिजे. पुण्याच्या फोटोंमध्ये कूलर नव्हता. माझ्या घरी दोन आहेत, तरी मी विसरलो.

कापसाचं मोजमाप संध्याकाळी केलं. माजघर १० बाय १२, कापूस सहा फुटांपर्यंत तुडवून भरलेला. धाकटा म्हणाला, वीसेक क्विंटल. म्हणजे ७२० घनफुटांत २० क्विंटल, क्विंटलला ३६ घनफूट. वर्षाचा सगळा कापूस एकदम साठत नाही. वेचण्या तीन-चार होतात, मजुरीला रोकड लागते म्हणून थोडा विकावाच लागतो. एका वेळी जास्तीत जास्त किती थांबवता, असं विचारलं तर बापलेकांत वाद झाला आणि शेवटी ४० वर जमलं. ४० क्विंटल म्हणजे १,४४० घनफूट. १२ बाय १६ची खोली, साडेसात फुटांपर्यंत भरलेली. 'स्टोअर रूम पाहिजे' एवढं ऐकून मी ६ बाय ८ची खोली काढून दिली असती.

कोण ठरवणार

इथं मी दुसरी चूक केली. नवा कच्चा नकाशा काढून मी काकाजी आणि धाकट्याला दाखवला, त्यांना आवडला, आणि धाकट्यानं त्याचा फोटो भावाला पाठवला. रात्री साडेदहाला थोरल्याचा फोन. 'साहेब, पैसे मी देतोय. मला न विचारता माझी बेडरूम कशी गेली?'

त्याचं बरोबर होतं. जानेवारीत मी फक्त त्याचं ऐकलं आणि बाकीच्यांना गाळलं. एप्रिलमध्ये बाकीच्यांचं ऐकलं आणि त्याला गाळलं. माफी मागितली आणि रविवारी सगळ्यांना एकत्र बसवायचं ठरवलं, तो व्हिडिओ कॉलवर. पण त्याआधी त्याच्याशी एकट्याशी तासभर बोललो. घरात नक्की काय हवं, असं विचारल्यावर आधी फोटोंचीच यादी आली. मग म्हणाला, त्याची मुलगी मागच्या संडासला घाबरते, म्हणून गावी यायला नाही म्हणते. आणि दोन मजली उंचीचा हॉल का? तर पुण्याच्या मित्राच्या गावच्या घरात तसा आहे. हे तो हसत बोलला, पण बोलला.

रविवारच्या बैठकीत एकच कागद होता, मध्ये रेघ. डावीकडं 'याशिवाय चालणार नाही', उजवीकडं 'झालं तर बरं'. नियम एवढाच, की डावीकडं काही टाकायचं तर त्यासमोर त्याचा खर्च मी तिथंच लिहिणार. दोन मजली उंचीच्या हॉलसमोर मी १ लाख २० हजार लिहिले आणि सांगितलं, की एवढी हवा कूलरनं गार होत नाही. थोरल्यानं स्वतःच तो उजवीकडं हलवला. अटॅच कमोडची खोली डावीकडं राहिली. चूल डावीकडं. सुनेचं दार काकूंनी डावीकडं टाकलं, कोणाचंच नाव न घेता.

कोठीवर अडलं. थोरल्याला तिसरी बेडरूम सोडवत नव्हती. तोडगा मधला निघाला. कोठी घराच्याच छताखाली, पण तिच्या एका भिंतीत खिडकीचं लिंटेल, म्हणजे वरचा आडवा बीम, आत्ताच टाकायचं आणि खालचा भाग विटांनी बुजवायचा. उद्या कापूस साठवणं बंद झालं तर विटा काढून ती बेडरूम होईल. त्यानं होकार दिला. पैशाचा निर्णय त्याचा, जागेच्या वापराचा धाकट्याचा आणि वाद झाला तर काकाजींचा शब्द शेवटचा, हेही त्याच कागदावर खाली लिहिलं आणि तिघांच्या सह्या घेतल्या. थोरल्याची सही फोटोवरून. कायद्यात तिला काय किंमत असेल ती असो, पुढं दोनदा उपयोगी पडली.

काय बांधलं

१,३९० चौरस फूट. दोन बेडरूम, त्यातल्या एकीला अटॅच कमोड, हॉल, स्वयंपाकघर, मागच्या बोळात बाथरूम-संडास आणि १२ बाय १६ची कोठी. कोठीला आंगणाच्या बाजूनं सहा फूट रुंद दोन फळ्यांचं दार, समोर ट्रॉली उलटी लागेल एवढी मोकळी जागा. वर दोन झरोके, जाळी लावलेले. आत एकही बोर्ड नाही, वायर नाही. उजेड बाहेरच्या दिव्याचा, पक्क्या बसवलेल्या काचेतून, बटण बाहेर. इलेक्ट्रिशियननं दोनदा विचारलं, 'साहेब, एक पॉइंट तरी?' नाही.

पोर्चच्या स्लॅबमध्ये, बीमच्या खाली, १६ एमएमच्या सळईचा एक हुक सोडला. जुन्या घरात वेचणीचा कापूस मोजताना काटा मयालीला दोरीनं टांगायचे. आरसीसीच्या घरात दोरी कशाला बांधणार? खर्च काही नाही, पण स्लॅब पडण्याच्या आधी आठवलं पाहिजे.

निकाल

खर्च २४ लाख ३० हजारांवर गेला. हॉल साधा केल्यानं वाचलेले पैसे पायात गेले. मुरूम पाच फुटांवर लागेल असं शेजारच्या विहिरीवरून धरलं होतं, तो सातवर लागला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून पाया मुरमावर टेकवल्याशिवाय इलाज नाही. इथं कागदावरच्या सहीचा पहिला उपयोग झाला. जादा पैशांसाठी काय उजवीकडं सरकवायचं, हे ठरवायला अर्धा तास पुरला. फॉल्स सीलिंग गेलं.

दिवाळी २०२३ला घर झालं. त्या हंगामात कोठी कापसानं भरली, लेकरं खोलीत झोपली. पुढच्या वर्षी गंमत झाली. धाकट्यानं कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, ७,५२१च्या हमीभावानं लवकर देऊन टाकला आणि कोठीत सोयाबीनचे कट्टे थांबवले, कारण सोयाबीन बाजारात हमीभावाच्या, म्हणजे ४,८९२च्या, बरंच खाली होतं. कट्ट्यांना खालून ओल लागते. मी फरशीखाली प्लास्टिक टाकलं नव्हतं. कापूस धरून चाललो होतो, कट्टे धरून नाही. त्यानं लाकडी फळ्या टाकून भागवलं.

चूल मात्र फसली. मागं टिनाखाली ओटा बांधून दिला, सरपणाला कोपरा दिला. कुठं पाहिजे ते काकूंना विचारलं होतं. वारा कुठून येतो ते विचारलं नव्हतं. संध्याकाळी पश्चिमेचा वारा धूर सरळ काकाजींच्या खिडकीत नेतो. दोन महिन्यांत काकूंनी तीन विटा मांडून चूल आठ फूट पलीकडं नेली. माझ्या ओट्यावर आता ढेपेचं पोतं असतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीतच एक खड्डा खणून घेईन. दोन मजुरांचा एक दिवस जातो आणि पायाचा आकडा अंदाजातून बाहेर येतो. पैसे देणाऱ्याशी आधी एकट्याशी बोलेन, कारण घरच्यांसमोर तो फोटोच दाखवतो. कापूस वेचणीच्या दिवसांत जाईन. उन्हाळ्यात गेलं तर खेड्यातलं घर रिकामं दिसतं आणि रिकाम्या घरावरून गरज कळत नाही. आणि फक्की आधी टाकेन, नकाशा मागून. कागदावरचा १० बाय ११ भल्याभल्यांना कळत नाही, पायाखालचा लेकरालाही कळतो.

ब्रिटनमधल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेनं १९६३ साली बांधकामाच्या टप्प्यांची रूपरेषा काढली होती. आजच्या रूपात ती शून्यापासून सातपर्यंत आहे, आणि रचनेची पहिली रेघ येते दुसऱ्या टप्प्यात. आधीचे दोन्ही टप्पे गरज समजून घेण्याचे. सातवा टप्पा वापराचा, म्हणजे राहायला गेल्यावर काय होतं ते पाहण्याचा. चुलीचं मला कळलं ते मी नंतर चहाला गेलो म्हणून.

मग आमच्याकडं हे का होत नाही? अज्ञान हे एक कारण, पण खरं कारण फी आहे. तालुक्याच्या ठिकाणी नकाशाचे पैसे चौरस फुटावर मिळतात. बसून ऐकण्याचे मिळत नाहीत. दिवसभर एखाद्याच्या घरी काढला तर तो दिवस माझ्या खिशातून जातो, म्हणून यादी आली की आपण खोल्या मांडायला बसतो. दुसऱ्या नकाशाचे मी या घराकडून काहीच घेतले नाहीत, आणि ते बरोबरच होतं, कारण पहिला मी ऐकून न घेता काढला होता.

त्यानंतर मी पावतीवर वेगळी ओळ टाकायला लागलो. 'गरज ठरवणे, एक दिवस, ३,००० रुपये.' काही देतात, काही दुसऱ्या इंजिनिअरकडं जातात. मागच्या महिन्यात एका काकाजींनी पावती दूर धरून वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, 'गप्पा माराचे पयसे घेता का जी?'

मी हो म्हणालो.